हातचा एक

सप्टेंबरचा दुसरा रविवार.
शाळेच्या पँटींच्या दुमडी घालायच्या राहिल्यात,
दोरीवर समुद्राच्या वाळूचे टॉवेल,
आणि मी नाताळच्या रांगेत उभी आहे.
उभी म्हणजे बसलेली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर,
लॅपटॉपपुढे. माझा नंबर चौदाशे ब्याऐंशी.

पडद्यावर एक इवला सांता चालतो आहे,
चालतो, चालतो, आणि तिथेच राहतो.
पान पुन्हा उघडू नका, अशी तंबी आहे.
चहा निवतो. मी हलत नाही.

मागल्या वर्षी मला ऑक्टोबरात जाग आली,
तेव्हा उरली होती मंगळवारची सातची गाडी,
उद्या शाळा, आणि गेथिन डब्यात झोपलेला,
सांता येऊन त्याच्या मांडीवर खोका ठेवून गेला.
माझी बहीण मेरेरिड असली चूक करत नाही.
तिच्या फ्रीजवर डिसेंबर जुलैपासूनच भरलेला असतो:
रेनडिअरचं शेत, दिव्यांची बाग, विनोदी नाटक,
प्रत्येकाला वेगळा रंग.
माझ्या डिसेंबरात एकच चौकोन पांढरा आहे.
बाराला नाइट ड्यूटी, तेराला मुलं स्वान्झीला, ह्यूकडे,
एकोणीसला लोरीच्या शाळेत बाळयेशूचं नाटक
(ती मेंढी आहे. दुसरी मेंढी.)
वीस तारीख. दुपार. एवढीच.

दहा वाजून सात मिनिटांनी दार उघडलं.
तीन चाळीसची वाफेची गाडी. जागा आहेत!
कोपऱ्यात घड्याळ उलटं पळायला लागलं
आणि फॉर्मने विचारलं: कुटुंब?
कुटुंब म्हणजे मोठे दोन, मुलं दोन. चौऱ्याऐंशी पौंड.
मी मोजलं. मोठी एक, मुलं तीन.
बेरीज तीच, चार.
पण फॉर्मला बेरीज कळत नाही.
सुटी तिकिटं घ्या, म्हणाला तो. शंभर.

सोळा पौंड म्हणजे विजेच्या मीटरचे तीन दिवस.
मी फोन लावला.

पलीकडे कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं.
एल्वेड नावाचे म्हातारे, फुकट काम करणारे,
मधेच खोकले, मग म्हणाले,
थोरला केवढा?
बाराचा. मार्चमध्ये तेरा.
उंचीने?
माझ्या कानाला लागतो.
मग त्याला मोठ्यांत लिहा, बाई.
मनुकांची पेस्ट्री मिळेल, कपभर कॉफी मिळेल.
भेट नाही मिळणार.
आणि सांता त्याला नाव विचारणार नाही.

शाळेत बेरजा करताना
हातचा एक वरच्या कोपऱ्यात बारीक लिहायचे मी,
आणि विसरला की सगळं उत्तर चुकायचं.
मॅक्सेन दारात उभा होता,
हातात सीरियलचा वाडगा, चमचा तोंडात.
किती वेळ, कोण जाणे.
मी होतो मोठा, म्हणाला,
गोलात उभं राहायला कुणीच तयार नसतं
तेव्हा म्हणतो ना, तसं.

सहा मिनिटं अकरा सेकंद.
नावाआधी काय लावायचं, फॉर्म अडून बसला.
त्याने माझ्या खांद्यावरून बोट घातलं
आणि स्वतःच निवडलं: मिस्टर.

पैसे गेले. पावती आली. मोठे दोन, मुलं दोन.
गाडी सुटण्याआधी वीस मिनिटं हजर राहावे.

रात्री धाकटी झोपल्यावर तो जिन्यात आला.
आई, गेथिन विचारणार, तुझा खोका कुठाय.
मग?
मी सांगीन, माझी भेट एवढी मोठी होती
की गाडीत मावेना. मागून येतेय.
थोडं थांबून म्हणाला, लोरीला पटणार नाही,
पण ती गप्प बसेल.

तो वर गेल्यावर मी त्याची पँट घेतली,
दिव्याखाली धरली, दुमड उसवली.
आत बोटभरच कापड उरलं होतं.